लगीन थांबवलं, पुढं काय? गावातल्या बाल संरक्षणाचा हिशोब मागायची रीत

मराठवाड्यात बालविवाह थांबवायचं काम बहुतेक वेळा एका फोनवर चालतं. कुणीतरी मुलांच्या मदतीच्या १०९८ या क्रमांकावर कळवतं, गाडी येते, मांडव उतरतो, आईबाप एका कागदावर सह्या करतात आणि गाडी निघून जाते. पंधरा दिवसांनी त्याच पोरीचं लगीन मामाच्या गावात, रात्रीच्या वेळी, चार माणसांत लागतं. त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के निघालं. परभणी जिल्ह्यात ते ४८ टक्के होतं आणि बीडमध्ये ४४ च्या जवळपास. कायदा नाही म्हणून हे होतंय असं नाही. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा आहे आणि १ नोव्हेंबर २००७ पासून लागू आहे. अधिकारी नेमलेले आहेत, गावोगाव समित्या कागदावर आहेत. पण ज्याच्यावर जबाबदारी आहे त्याला तारीख घालून, लेखी जाब विचारणारं माणूस गावात नसतं. पुढची सगळी माहिती त्या माणसासाठी आहे. ती आशाताई असेल, शाळा व्यवस्थापन समितीतला पालक असेल, बचत गटातली बाई असेल किंवा तालुक्याला शिकायला जाणारा पोरगा असेल.

जबाबदार कोण, ते आधी पक्कं करा

गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. शहरात हे काम बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे असतं. 'आमच्याकडं तसलं पद नाही' असं उत्तर आलं तर ते चूक आहे, पद त्या खुर्चीलाच जोडलेलं आहे.

दुसरी जागा ग्राम बाल संरक्षण समितीची. राज्य सरकारच्या १० जून २०१४ च्या निर्णयाने ती प्रत्येक गावात असायला हवी. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य सचिव. सोबत पोलीस पाटील, मुख्याध्यापक, आशा, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, बचत गटाच्या प्रतिनिधी आणि गावातली मुलंही. गावाच्या वर जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी. मुलीबाबत आदेश देण्याचा अधिकार मात्र बाल कल्याण समितीचा. त्या समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. या समितीविरुद्ध तक्रार असेल तर ती ऐकायची जबाबदारी बाल न्याय कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली आहे. ही गोष्ट फार थोड्या गावकऱ्यांना ठाऊक असते.

आता गावच्या समितीची वही बघायला मागा. बैठकीचं इतिवृत्त हे ग्रामपंचायतीचं कागदपत्र आहे, मुलांची नावं झाकून ते दाखवायला हरकत नाही. वही हातात आली की तीन गोष्टी बघा. अध्यक्ष म्हणून मागच्या सरपंचाचंच नाव आहे का? मुलांचे प्रतिनिधी म्हणून ज्यांची नावं आहेत ती मुलं आता विशीत आहेत का? आणि सहा महिन्यांच्या बैठका एकाच शाईत, एकाच हाताने, ओळीने लिहिल्या आहेत का? जानेवारीच्या बैठकीला हजर म्हणून ज्याची सही आहे तो माणूस जानेवारीत पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यावर ऊस तोडत होता, हे गावाला माहीत असतं. अशा नोंदीची तारीख आणि पान क्रमांक टिपून ठेवा, भांडण मात्र तिथेच करू नका. पुढच्या ग्रामसभेत तो मुद्दा लेखी येऊ द्या.

ग्रामसभेची नोटीस किमान सात दिवस आधी निघावी लागते. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल ते. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे, आणि हा विषय तिथूनच पुढे आणलेला बरा, कारण महिला सभेत तो हसण्यावारी जात नाही. विषय विषयपत्रिकेवर यावा म्हणून नोटीस निघायच्या आधी ग्रामपंचायतीला अर्ज द्या. दोन प्रती करा आणि एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पोच नसलेला अर्ज दिला नाही असंच धरलं जातं.

ठरावात मोघम वाक्य नको. 'बालविवाह होऊ देणार नाही' असा ठराव शेकडो गावांत झालाय आणि त्यावरून कुणाला काही विचारता येत नाही. पुढच्यासारखा ठराव घ्या:

'ग्राम बाल संरक्षण समितीची पुनर्रचना आजच्या तारखेला करण्यात येत आहे. समिती दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बैठक घेईल. गावातील १२ ते १८ वयाच्या मुलींची यादी दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत अद्ययावत करील. आलेल्या प्रत्येक तक्रारीवर २४ तासांत काय केले याची लेखी नोंद ठेवील आणि प्रत्येक ग्रामसभेत नावे न घेता संख्यात्मक अहवाल वाचून दाखवील. गावातील मंगल कार्यालय, मंडप, बँड, आचारी व छायाचित्रकार यांनी काम घेण्यापूर्वी वधू-वरांच्या वयाच्या पुराव्याची प्रत घ्यावी, असे त्यांना ग्रामपंचायत लेखी कळवील.'

शेवटचं वाक्य सोडू नका. बालविवाह लावणारा, घडवून आणणारा आणि त्याला मदत करणारा, या सगळ्यांना कायद्यात दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. भटजी आणि मंडपवाला दोघेही त्यात येऊ शकतात. मंडपवाल्याला हे आधी लेखी कळलेलं असलं की खबर देणाऱ्यांत पहिला तोच असतो.

खर्चाला पैसे नाहीत असं सांगितलं जाईल. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे लागतात. मागच्या वर्षी ते कशावर गेले, तेवढं विचारा.

सप्टेंबरची यादी

दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्याकडे निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. मुकादम, म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार, जी आगाऊ उचल देतो ती 'कोयत्या'वर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर ठरते. एकटा माणूस अर्धा कोयता. घरात सतरा-अठराचा पोरगा असला की त्याचं लगीन लावलं की एक कोयता वाढतो, हा हिशोब उघड आहे. पोरीच्या बापापुढं वेगळा पेच असतो. तिला कोपीवर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीवर, न्यायची तर तिथं आडोसा नाही, गावात म्हाताऱ्या आजीपाशी ठेवायची तर जीव टांगणीला. पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज, गंगाखेड या बीड-परभणीच्या पट्ट्यात टोळ्या निघण्याआधीचे आठवडे म्हणूनच धोक्याचे. दुसरा धोका परत आल्यावर, अक्षय तृतीयेच्या आसपास.

यादी अंगणवाडीचं कुटुंब सर्वेक्षण आणि शाळेचा हजेरीपट शेजारी ठेवून करा. प्रत्येक मुलीपुढे इतकं हवं: शाळेतली जन्मतारीख, इयत्ता, गेल्या महिन्यात किती दिवस हजर, घरातले कोण कारखान्यावर जाणार, कधी परतणार, ती कुणापाशी राहणार, आणि आई-वडिलांपैकी कुणी वारलं आहे का किंवा सोडून गेलं आहे का. सलग दहा दिवस गैरहजर असलेल्या मुलीच्या घरी आधी जा. शाळा सुटणं ही लग्नाआधीची सगळ्यात खात्रीची खूण आहे. पत्रिका छापून येईपर्यंत वाट पाहिली तर हातात दोन-तीन दिवसच उरतात.

ही यादी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, भिंतीवर लावू नका. एक प्रत सदस्य सचिवाकडे कुलपात आणि एक मुख्याध्यापकांकडे. पोरींची यादी बाहेर फिरली की स्थळं आणणारेच ती वापरतात.

यादी झाली की लगेच सोय लावायची. बंदी सांगून भागत नाही, राहायची सोय लागते. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक, अशी ८२ वसतिगृहं तिच्यात मंजूर आहेत. शाळेतून चालणारं हंगामी वसतिगृह हा दुसरा मार्ग. त्याची मागणी शाळा व्यवस्थापन समितीने गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे टोळ्या निघायच्या आधी करावी लागते. नोव्हेंबरात केलेली मागणी मंजूर होईपर्यंत निम्मी मुलं फडात पोचलेली असतात. मूल आई-बापाबरोबर जाणारच असेल तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक घ्या, म्हणजे तिकडच्या शाळेला त्याला बसवून घ्यावं लागतं आणि इकडं पट तुटत नाही.

आई किंवा वडील नसलेल्या, दुर्धर आजार असलेल्या किंवा पालक तुरुंगात असलेल्या घरातल्या मुलांना क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिन्याला २२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यची प्रायोजकत्व योजना वेगळी, तिच्यात महिन्याला ४००० रुपये आहेत आणि ग्रामीण भागासाठी वर्षाला ७२,००० रुपये उत्पन्नाची मर्यादा आहे. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात. अडतो तो दोन कागदांवर, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि वारलेल्या पालकाचा मृत्यू दाखला. तेवढे दोन कागद समितीने काढून दिले तरी अर्धं काम होतं.

खबर आली की पहिले काही तास

खबर देणाऱ्याला आधी सगळं विचारून घ्या: मुलीचं नाव आणि अंदाजे वय, शाळा, वस्ती किंवा तांडा, मुलाचं गाव, लग्नाची जागा, तारीख, मुहूर्ताची वेळ. लग्न कुठं आहे हे दोनदा विचारा, कारण हळद एका गावी आणि लगीन दुसऱ्या गावी हा नेहमीचा डाव आहे. मग १०९८ लावा, तो आता आपत्कालीन मदतीच्या ११२ शी जोडलेला आहे. कळवणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायला सांगता येतं. फोन झाल्यावर वेळ आणि मिळालेला तक्रार क्रमांक वहीत लिहा. त्यानंतर ग्रामसेवकाला फोन, आणि त्याच मजकुराचा मोबाईल संदेश, म्हणजे 'मला कळलंच नाही' हा मार्ग बंद होतो.

त्याच वेळी दुसऱ्या कुणीतरी शाळा गाठावी. वयाचा पुरावा हातात नसेल तर पोलीस मांडवातून परत फिरतात. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये पुराव्याचा क्रम दिलेला आहे. पहिला मान शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्याला किंवा दहावीच्या प्रमाणपत्राला, तो नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेच्या जन्म दाखल्याला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. म्हणून शाळेच्या जनरल रजिस्टरचा, म्हणजे प्रवेश नोंदवहीचा, उतारा मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह घ्या. रविवार असला तर घरी जाऊन घ्या.

घरचे आधार कार्ड पुढे करतील. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, हे आताच्या कार्डांवरच छापलेलं असतं, आणि तारीख दुरुस्त करून घेतलेली कार्डं अशा वेळीच निघतात. कार्ड कधी अद्ययावत झालं ते विचारा. दुसरा वाद '१ जून'चा. आपल्याकडं कितीतरी मुलांची जन्मतारीख पहिलीत घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेली आहे. घरचे म्हणतात, खरं वय जास्त आहे, गुरुजींनी कमी लिहिलं. तोंडी सांगण्याने नोंद बदलत नाही. तपासाच्या जागी शाळेचीच तारीख धरायला लावा.

मुलाचं वयही तपासा. मुलगी अठरा पूर्ण असली तरी मुलगा एकवीसच्या आत असेल तर कायद्याने तो बालविवाहच. ऊसतोडीच्या गावांत ही बाजू फार सुटते.

घरी जाताना पोलीस, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका आणि शक्यतो शाळेतल्या बाई सोबत असू द्या. मुलीशी एका बाईने आत, एकटीशी बोलावं. मांडवात सगळ्यांदेखत 'तुझी मर्जी आहे का' विचारलं तर ती हो म्हणणारच, आणि नंतर तेच उत्तर तिच्याविरुद्ध वापरलं जातं. एकांतात विचारायचं ते असं: शाळेत कधीपासून गेली नाहीस, घरात कुणी मारलं का, मुलाकडून पैसे घेतलेत का, आज इथून बाहेर पडायचं आहे का. फोटो काढू नका, कुणाला काढू देऊ नका. मुलीची ओळख उघड केली तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 'आमच्या टीमने लग्न रोखलं' म्हणून फेसबुकवर टाकलेला फोटोही त्यात येतो.

हमीपत्रावर भागवू नका

बहुतेक प्रकरणं हमीपत्रावर संपवली जातात आणि बहुतेक तिथेच फसतात. कोऱ्या कागदावर 'मुलगी १८ वर्षांची होईपर्यंत लग्न करणार नाही' एवढं एक वाक्य, खाली अंगठा. जन्मतारीख नाही, मुलाकडच्यांची सही नाही, पुढची हजेरी कधी ते नाही. कागद ठाण्यात राहतो आणि गावाकडे प्रत नसते.

हमीपत्र घ्यायचंच असेल तर त्यात शाळेच्या उताऱ्याप्रमाणे जन्मतारीख आणि अठरा पूर्ण होण्याची तारीख अंकात आणि अक्षरात लिहा. दोन्ही बाजूंच्या आईवडिलांच्या सह्या, ओळखपत्राच्या प्रती आणि मोबाईल क्रमांक घ्या. मुलगी कोणत्या तारखेपासून कोणत्या शाळेत जाईल ते लिहा. गाव सोडताना समितीला कळवण्याची अट घाला, कारण लगीन दुसऱ्या गावी न्यायचा रस्ता तिथूनच निघतो. चार प्रती करा: ठाणे, ग्रामसेवक, गावची समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष.

एवढं करूनही हमीपत्र म्हणजे आदेश नव्हे. जिचं अल्पवयात लग्न होण्याचा धोका समोर दिसतोय ती मुलगी कायद्याच्या भाषेत 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' ठरते. तिला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करायला हवं. हजर केलं म्हणजे तिला बालगृहात टाकतात, या भीतीने गाव मागे सरतं. समिती तिला अटी घालून आईवडिलांकडे परत देऊ शकते, आणि बऱ्याच वेळा तेच योग्य असतं. पण मग तिच्या नावाने प्रकरण क्रमांक पडतो, गृहभेटीचा अहवाल मागवला जातो, समुपदेशनाच्या तारखा लागतात. पुढं कुणाला काही विचारायचं तर या क्रमांकावरच विचारता येतं.

मनाई हुकूम

बालविवाह प्रतिबंध कायद्यातलं सगळ्यात धारदार आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं कलम १३ आहे. बालविवाह ठरलाय किंवा लागणार आहे अशी खात्रीची माहिती असेल तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तो थांबवण्याचा मनाई हुकूम काढू शकतात. अर्ज बालविवाह प्रतिबंधक अधिकारी करू शकतो, स्वतःला माहिती असलेली कोणतीही व्यक्ती किंवा संस्थाही करू शकते. घाई असेल तर समोरच्याला नोटीस न देता अंतरिम हुकूम मिळू शकतो. हुकूम मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

एक मोठा फरक आहे. एरवी बालविवाह आपोआप रद्द होत नाही, मुलीला न्यायालयात जाऊन तो रद्द करून घ्यावा लागतो. मनाई हुकूम असताना लावलेलं लग्न मात्र कलम १४ प्रमाणे मुळातच रद्द, म्हणजे झालंच नाही असं धरलं जातं. म्हणून एकदा थांबवलेलं लग्न पुन्हा लागण्याचा संशय असेल तर ग्रामसेवकाला लेखी सांगा की या प्रकरणात कलम १३ खाली अर्ज करा. अर्जासोबत शाळेचा उतारा, पत्रिका असेल तर तिची प्रत, हमीपत्र आणि पंचनामा. वकील हवा असेल तर तालुका विधी सेवा समितीकडून मोफत मिळू शकतो. अक्षय तृतीयेसारख्या दिवशी होणाऱ्या सामूहिक बालविवाहांसाठी तर जिल्हाधिकारी स्वतःच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी मानले जातात. त्या आठवड्यात निवेदन थेट त्यांना द्या.

लगीन लागूनच गेलं असेल तर

बालविवाहाचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. ठाण्यात घेत नसतील तर तक्रार लेखी द्या, पोच घ्या आणि तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. लग्नात परवानगी देणाऱ्या किंवा हजर राहणाऱ्या बाईला या कायद्यात कैदेची शिक्षा नाही, हे आईला समजावून सांगा. तुरुंगाच्या भीतीने ती गप्प बसते.

मुलीला हे लग्न रद्द करून घेण्यासाठी सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे वीस पूर्ण होईपर्यंत, जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. ती अजून अल्पवयीन असेल तर पालक किंवा वादमित्र, म्हणजे तिच्या वतीने न्यायालयात उभा राहणारा माणूस, बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यासोबत अर्ज करतो. पोटगी आणि राहायच्या सोयीचा आदेशही मागता येतो. तिच्या वहीत ही शेवटची तारीख लाल शाईने लिहून ठेवा, ती निघून गेली की रस्ता फार अवघड होतो.

ती गरोदर असेल तर दवाखान्यात नेणं पहिलं. अठराच्या आतली गरोदर मुलगी आली की मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं, हे खरं. पण त्यासाठी उपचार अडवून ठेवता येत नाहीत. गुन्ह्याच्या भीतीने घरच्यांनी तिला तपासणीलाच नेलं नाही तर तिचा जीव धोक्यात येतो. आशाताईंनी या घरी कायदा सांगण्याआधी रक्तदाब आणि हिमोग्लोबिन बघावं.

लग्नाशी संबंध नसलेला लैंगिक अत्याचार, शाळेत, वसतिगृहात किंवा घरात, कळला तर गावात पंच बसवू नका आणि मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका. सांगितलं तेवढं त्याच्याच शब्दांत लिहा आणि कळवा. न कळवणं हाच गुन्हा आहे. संस्थाचालकाने दडवलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. कळवलं का, हे दुसऱ्या दिवशी विचारा.

थांबवल्यानंतर

पहिली भेट सात दिवसांच्या आत, मग महिन्यातून एकदा. तुळशीचं लग्न झाल्यावर तिथी सुरू होतात, तेव्हापासून जूनपर्यंत पंधरा दिवसांनी. भेटीत मुलगी प्रत्यक्ष दिसली पाहिजे. 'मावशीकडं गेलीय' असं उत्तर आलं तर मावशीचं गाव आणि फोन घ्या आणि त्याच दिवशी तिथल्या ग्रामसेवकाला कळवा. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा मोफत पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळतो, तो काढून दिलाय का बघा. पुष्कळ वेळा शाळा सुटायचं कारण पाच-सात किलोमीटरचा मोकळा रस्ता हेच असतं, आणि बापाची भीती खरी असते. ती नाकारून बोलू नका, एसटीची वेळ बदलून मागा.

समितीच्या वहीत नाव न लिहिता 'प्रकरण क्र. ३' असं लिहा. क्रमांक आणि नावाचा मेळ वेगळ्या बंद पाकिटात ठेवा.

हिशोब मागताना

माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला शुल्क नाही. कुणाचं नाव मागू नका, संख्या आणि तारखा मागा. 'का केलं नाही' असंही विचारू नका. या कायद्यात फक्त नोंद मिळते, कारण विचारलं की अर्ज फेटाळायला जागा होते. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयाला हे विचारा:

'मागील आर्थिक वर्षात (तालुक्याचे नाव) तालुक्याबाबत: बालविवाहाच्या आलेल्या तक्रारींची संख्या, थांबवलेल्या विवाहांची संख्या, त्यांपैकी बाल कल्याण समितीपुढे हजर केलेल्या मुलींची संख्या, कलम १३ खाली न्यायालयात केलेल्या अर्जांची संख्या, दाखल गुन्ह्यांची संख्या, थांबवलेल्या प्रकरणांत झालेल्या गृहभेटींच्या तारखा, प्रकरण क्रमांकनिहाय, त्यांपैकी आज शाळेत असलेल्या मुलींची संख्या.'

उत्तर आलं की आकडे एकमेकांशेजारी मांडा. समजा बारा विवाह थांबवले आणि समितीपुढे तीनच मुली गेल्या, तर उरलेल्या नऊ जणी कुठं आहेत हा प्रश्न तयार झाला. तो प्रश्न घेऊन तिसऱ्या सोमवारी तहसीलच्या लोकशाही दिनाला आणि तिथं निकाल लागला नाही तर पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांच्या लोकशाही दिनाला जा. अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तर तेही जपून ठेवा. गृहभेटीची नोंदच ठेवली जात नाही, याची ती लेखी कबुली आहे.

तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या पहिल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करा. तिथंही भागलं नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे दुसरं अपील. एखाद्या मुलीचं लग्न दोन दिवसांवर आहे आणि कुणी हललं नाही, अशा वेळी मात्र माहिती अधिकार उपयोगाचा नाही. तेव्हा ११२, तालुक्याचे न्यायदंडाधिकारी आणि जिल्हाधिकारी, आणि सगळं पार पडल्यावर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे लेखी तक्रार. तिला फोनच्या वेळा, १०९८ चा तक्रार क्रमांक, ग्रामसेवकाला पाठवलेल्या संदेशाची छापील प्रत, शाळेचा उतारा आणि आवक शिक्क्याचे अर्ज जोडा. तक्रार तीन पानांच्या वर जाऊ देऊ नका आणि पहिल्या पानावर फक्त तारीखवार तक्ता ठेवा: कोणाला, कधी, काय कळवलं आणि त्यांनी काय केलं.